कलिंगड-खरबूज : गोडी वेलावरच भरते



ऊस कधी तोडावा हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कोवळा ऊस गव्हाणीत गेला तर उतारा पडतो, तोडलेला ऊस फडात वाळत राहिला तर वजनही जाते आणि साखरही. हे आपल्या पोराबाळांनासुद्धा ठाऊक असते. पण खोडवा निघालेल्या रानात हल्ली आपल्यापैकी पुष्कळजण उन्हाळी कलिंगड करतात, आणि तेथे मात्र ही शिकवण बांधावरच ठेवून येतात. प्रस्तुत लेखकही त्यातलाच एक. म्हणून आधी स्वतःची चूक सांगतो, मग शास्त्राकडे वळतो.

एका पट्टीची गोष्ट

२०२४ सालची गोष्ट. खोडवा लवकर तुटून गेला. रान नांगरून, गादीवाफे पाडून, ठिबक आणि मल्चिंग पेपर अंथरून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कलिंगडाची रोपे लावली. रमजान १२ मार्चला सुरू होणार होता. रोजे सुटताना कलिंगडाला उठाव असतो, हे सगळ्यांना माहीत. मनात एकच हिशेब : पहिल्या दिवशी माल वाशीला लागला पाहिजे. पण त्या वर्षी रात्री बराच काळ गार राहिल्या. वेल बसून राहिला. सत्तर दिवसांचे पीक ऐंशीवर जाणार हे दिसत होते. फळ आकाराने भरले होते, रंग काळाभोर होता. शेजारी म्हणाला, “आठ दिवस थांबा आबा.” पण ऐकतो कोण? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! ९ मार्चला तोडा केला आणि आयशर भरून रात्रीतून घाट उतरलो.

पहाटे फळ बाजारात गाड्यांची रांग, माथाडी कामगारांची लगबग, गाळ्यागाळ्यांतून गवतावर रचलेले कलिंगडाचे ढीग. व्यापाऱ्याने आमच्या मालातले एक फळ उचलले, बोटाने वाजवले आणि काही न बोलता सुरी लावली. आत फिकट गुलाबी गर. दुसरे कापले, तेही तसेच. तो रागावला नाही, हे जास्त लागले. म्हणाला, “पाटील, हे अजून आठ दिवस रानात हवं होतं. तुम्ही फळ बघून तोडलं नाही, कॅलेंडर बघून तोडलं.” पट्टी काय आली ते सांगत नाही. भाडे आणि हमाली वजा जाता हातात राहिले ते मजुरीलाही पुरले नाही.

लेक नेरुळला असते. चार फळे तिच्याकडे नेली. नातवाने मोठ्या हौशीने एक फोड उचलली, एक घास घेतला आणि ती ताटात परत ठेवली. “आजोबा, हे गोड का नाही?” त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

वाशीच्या बाजाराविषयी थोडेसे

मुंबईला जाणारे फळ पूर्वी क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईत उतरत असे. ती इमारत १८६९ सालची. शहर वाढले, गाड्या वाढल्या आणि दक्षिण मुंबईतल्या अरुंद रस्त्यांवर घाऊक व्यापार मावेनासा झाला. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ साली स्थापन झाली. सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईत कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ साली आला आणि फळे व भाजीपाल्याचे बाजार १९९६ साली आले. आपण ‘वाशी मार्केट’ म्हणतो, पण हा सारा पसारा तुर्भ्याच्या अंगाला आहे. उन्हाळ्यात महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आणि शेजारच्या कर्नाटकातूनही येथे कलिंगड येते. तेथून ते मुंबई, ठाणे, पनवेल अशा सगळ्या बाजूंना किरकोळ विक्रेत्यांच्या हातगाडीवर जाते. शेवटी ते कापले जाते कुणाच्या तरी घरात, लहान मुलांसमोर. आपली खरी परीक्षा तिथे होते.

ऊस आणि कलिंगड : शास्त्र एकच

आंबा आपण कच्चा उतरवतो आणि अढीत घालतो. केळीचा घडही हिरवा उतरतो. तोडल्यानंतर ही फळे गोड होतात, कारण त्यांच्या गरात स्टार्च, म्हणजे पिठूळ द्रव्य साठलेले असते आणि पिकताना त्याची साखर बनते. कलिंगडात असा साठा नसतोच. त्याची साखर पानांत तयार होते आणि वेलातून रोजच्या रोज फळात उतरते. देठ कापला की पुरवठा बंद. त्या क्षणी फळात जेवढी गोडी असेल तेवढीच. उसाचेही असेच नाही का? तोडलेल्या उसात साखर वाढत नाही, झाली तर घटच होते.

तोडलेले कलिंगड घरात आठ-पंधरा दिवस ठेवले तर गराचा लाल रंग काहीसा गडद होतो. त्यामुळे ‘पिकले’ असा भास होतो. पण रंग म्हणजे गोडी नव्हे. कलिंगडाला अढी नाही, हे वाक्य गोठ्याच्या दारावर लिहून ठेवावे असे आहे.

खरबुजाची तऱ्हा जरा वेगळी. तोडल्यावर ते मऊ पडते आणि त्याचा घमघमाट वाढतो. त्यामुळे दोन-तीन दिवस ठेवलेले खरबूज अधिक चवदार लागते हे खरे. पण साखर त्याचीही वाढत नाही. कच्चे तोडलेले खरबूज मऊ होईल, वासही थोडाफार येईल, पण गोड होणार नाही.

उसाची पक्वता पाहताना शेती विभागाचे कर्मचारी फडात येऊन रसाचा थेंब हातातल्या ब्रिक्समीटरवर घालतात, ते आपण पाहतोच. तेच यंत्र कलिंगडाला चालते. पक्व उसात ब्रिक्स २० च्या पुढे जातो. कलिंगडात १० ते १२ आला तर फळ चांगले, खरबुजात ११ ते १४. मात्र लबाडी करू नये. गाभ्यातला थेंब घेतला तर आकडा मोठा येतो, सालीजवळचा घेतला तर लहान. ऊस जसा बुडख्याकडे गोड आणि शेंड्याकडे पाणचट, तसेच हे. दोन्हीकडचा रस घेऊन सरासरी काढावी. रानातल्या चार कोपऱ्यांतली चार फळे त्यासाठी खर्ची पडली तर पडू द्यावीत.

नावे आणि जाती

आपल्याकडे नावांचाही घोळ आहे. पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत ज्याला कलिंगड म्हणतात, त्याला विदर्भ-मराठवाड्यात टरबूज म्हणतात. डांगर म्हटले की आपल्याकडे लाल भोपळा डोळ्यांसमोर येतो, पण विदर्भात डांगर म्हणजे खरबूज. तिकडे नदीच्या वाळूत वेल लावून केलेल्या मळ्यांना डांगरवाडी असेच म्हणतात. लग्नाच्या निमित्ताने एकमेकांच्या मुलखात गेलेल्या पाव्हण्यांची यावरून चांगलीच फजिती होते.

कलिंगडात ‘शुगर बेबी’ ही जुनी आणि सर्वांना ठाऊक असलेली जात. फळ गोल, साल काळपट हिरवी, वजन साधारण ३ ते ५ किलो, गर लालबुंद. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची ‘अर्का माणिक’ आकाराने मोठी, फिकट सालीवर हिरवे पट्टे असलेली. जपानहून आलेली ‘असाही यामाटो’ही जुन्या बागायतदारांना आठवत असेल. हल्ली बाजारात लांबट, गडद सालीच्या संकरित वाणांचा भरणा आहे, कारण ती साल प्रवासात टिकते आणि घरातल्या फ्रीजमध्ये फळ बसते. पिवळ्या गराची कलिंगडेही अलीकडे दिसतात. ती चवीला वेगळी असतात, पण पिवळा गर म्हणजे कच्चे फळ असा गैरसमज करून घेऊ नये.

खरबुजात ‘हरा मधु’ ही पंजाबकडची, हिरव्या गराची. ‘दुर्गापुरा मधु’ राजस्थानातली. ‘अर्का राजहंस’ आणि ‘अर्का जीत’ पुन्हा बेंगळुरूच्या. जाळीदार सालीचे, केशरी गराचे संकरित खरबूज आता आपल्याकडेही रुळले आहे.

याच कुळातली पावसाळी भावंडे विसरून चालणार नाही. कोकणात भाद्रपदाच्या सुमारास पिकणारा चिबूड हा खरबुजाचाच भाऊबंद. त्याचा वास घरभर पसरतो. गोव्यात गणपतीच्या माटोळीला तो टांगतात. घाटावर बाजरीच्या रानात वाळूक आणि शेंदाड येते. शेंदाड दिसायला देखणे, हात लावला तर फसकन फुटणारे. म्हणून तर भित्र्या माणसाला शेंदाडशिपाई म्हणतात. कच्चे तोडलेले कलिंगडही वरून शिपाई आणि आतून शेंदाडच.

कलिंगड पारखावे कसे?

रानात तोडणाऱ्याने आणि बाजारात घेणाऱ्याने, दोघांनीही पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात.

पहिली खूण बाळीची. फळाच्या देठाजवळ वेलाला जो कुरळा ताणा असतो, त्याला आपण बाळी म्हणतो. ती हिरवी असेतो फळाला हात लावू नये. बाळी पूर्ण सुकली की फळ तयार होत आले.

दुसरी खूण बुडाच्या डागाची. फळ जेथे टेकलेले असते तेथे एक फिकट डाग असतो. तो पांढराफटक असेल तर फळ कच्चे. लोण्यासारखा पिवळसर झाला असेल तर पक्व. बाजारात बाळी दिसत नाही, तेव्हा हाच डाग पाहावा. फळ उलटे करून बघायला लाजू नये.

तिसरी खूण आवाजाची. कच्चे फळ टणटण वाजते, तयार फळाचा बदबद असा भरदार आवाज येतो. हा कान अनुभवाने तयार होतो, त्यामुळे एकट्या आवाजावर विसंबू नये. काही मंडळी फळ दाबून आतला करकर आवाज ऐकतात. तसे करू नये, फळ आतून दुखावते आणि नासते.

चौथी खूण वजनाची. सारख्या आकाराची दोन फळे दोन हातांत घ्यावीत, जे जड लागेल ते घ्यावे. सालीची चकाकी जाऊन ती थोडी निस्तेज झालेली असावी. तुकतुकीत कलिंगडाच्या मोहात पडू नये.

शेतकऱ्याला आणखी एक आधार आहे, तो दिवसांचा. मादी फुलाचे फळ धरल्यापासून साधारण ३० ते ३५ दिवसांत फळ पक्व होते, थंडीत अधिक दिवस लागतात. फळे धरली त्या तारखेची खूण करून ठेवावी. तोडणीपूर्वी पाच-सहा दिवस पाणी कमी करावे. शेवटी भरमसाट पाणी दिले तर वजन वाढल्यासारखे वाटते, पण फळ तडकते आणि गोडी पातळ होते. तोडताना देठाचा तुकडा फळाला ठेवावा, ओढून तोडू नये.

खरबुजाची पारख

खरबूज नाकाने घ्यावे. देठाच्या विरुद्ध टोकाला नाक लावावे. गोड वास आला तर फळ तयार. सालीची हिरवट झाक जाऊन पिवळसर रंग यावा, जाळी उठावदार दिसावी. जाळीदार जातीत फळ पूर्ण पिकले की देठाशी चीर पडते आणि हात लावताच ते वेलापासून सुटते. अशा फळाच्या देठाच्या जागी गुळगुळीत खळगी असते. कापलेला देठ चिकटून असेल तर ते अंमळ आधी तोडले असे समजावे. लांबच्या बाजारासाठी चीर अर्धी पडताच तोडतात, तेवढे चालते. त्याहून आधी नको.

घरी आणल्यावर खरबूज दोन-तीन दिवस सावलीत, फ्रीजबाहेर ठेवावे. शेजारी केळी ठेवली तर लवकर मऊ होते. टोकाशी किंचित दबले की कापावे आणि त्यानंतर उरलेले फ्रीजमध्ये ठेवावे. कार्बाइड वापरून फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे, आणि ज्या फळात पिकल्यावर गोडी वाढतच नाही त्याला ते लावण्यात तर शहाणपणही नाही.

इंजेक्शनची आवई

दर उन्हाळ्यात मोबाइलवर चित्रफिती फिरतात की कलिंगडाला लाल रंगाचे इंजेक्शन देतात. कलिंगडाचा लाल रंग लायकोपिन या द्रव्याचा, टोमॅटोत असतो तोच. गरात पोकळी किंवा भेगा दिसल्या म्हणजे इंजेक्शन दिले, असेही नाही. परागीभवन नीट न झाल्याने आणि वाढ कमी-जास्त झाल्याने अशी पोकळी पडते. शिवाय सालीला भोक पाडलेले फळ उन्हात फार वेळ टिकत नाही, नासते. २०२५ च्या उन्हाळ्यात तामिळनाडूत अशाच बोलण्यातून कलिंगडाचा उठाव पडला आणि तेथील शेतकऱ्यांचे नुकसान झाले. कापलेल्या फोडींना कुणी रंग लावत असेल तर तो गुन्हा आहे, त्याला शिक्षा व्हावी. म्हणून गिऱ्हाइकाने अख्खे फळ घ्यावे, म्हणजे मनात शंका राहत नाही. पण आपणही विचार करावा. फिकट, बेचव फळ आपण बाजारात पाठवतो म्हणून तर लालभडक फळाबद्दल लोकांच्या मनात संशय येतो.

ताटात वाढताना

ही बाब घरच्या माउलीला जास्त ठाऊक, तरी चार गोष्टी सांगतो. कोणतेही फळ कापण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे. साल आपण खात नाही, पण सुरी सालीतूनच आत जाते आणि सालीवरचे जंतू गरात नेते. २०११ साली अमेरिकेत खरबुजावरील जंतूंमुळे ३० हून अधिक माणसे दगावली. जाळीदार साल असेल तर अधिक काळजी घ्यावी.

कलिंगड चिरताना गाभ्यापासून सालीपर्यंत लांब फोडी कराव्यात, म्हणजे गोड गाभा प्रत्येकाच्या वाट्याला येतो. नाहीतर मधला भाग थोरल्याला आणि कडेचा धाकट्याला, असा अन्याय होतो. खरबूजही उभेच चिरावे, कारण देठापेक्षा टोकाकडे ते अधिक गोड असते. अख्खे कलिंगड फ्रीजमध्ये फार दिवस ठेवू नये, अति थंडीने ते बिघडते. आमच्या लहानपणी ओल्या गोणपाटाखाली ठेवत असत, तेवढा गारवा पुरतो. कापलेले फळ झाकून फ्रीजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावे.

चिमूटभर मीठ भुरभुरले की गोडी खुलते. खरबुजाच्या फोडींवर गूळ किंवा पिठीसाखर घालतात. चिबडाला तर गूळ आणि नारळाचा रसच हवा. कलिंगडाचा पांढरा गर टाकू नये. तो किसून थालीपिठात किंवा घावनात घालता येतो. बिया धुऊन वाळवल्या तर त्यांचा मगज थंडाईला आणि मिठाईला उपयोगी पडतो.

तारखेचा मोह

आता मुद्द्याची गोष्ट. रमजान चांद्रमासाने चालतो, म्हणून तो दरवर्षी १०-११ दिवसांनी अलीकडे येतो. २०२४ साली तो १२ मार्चला होता, २०२५ साली २ मार्चला आला. २०२९ साली तो जानेवारीच्या मध्यावर येईल. म्हणजे बाजाराची तारीख उन्हातून थंडीकडे सरकते आहे, आणि कलिंगडाला तर ऊन लागते. हा पेच पुढील काही वर्षे आपल्यापुढे राहणार. ज्याला ती तारीख गाठायची आहे त्याने लागवडच आधी करावी, थंडीचे जादा दिवस हिशेबात धरावेत. फुले आल्यावर सकाळच्या वेळी, मधमाश्या फिरत असताना कीटकनाशक फवारू नये, कारण माशीवाचून फळ नाही. एवढे करून फळ तयार नसेल तर तारीख सोडावी, फळ सोडू नये. रमजान एका दिवसाचा नसतो, आणि त्यानंतर एप्रिल-मेचे ऊन आहेच.

२०२५ साली आम्ही तसेच केले. फळधारणेच्या तारखा वहीत लिहिल्या, बाळी पाहिली, ब्रिक्स मोजला. रमजान सुरू झाला तेव्हा शेजारच्या गाड्या वाशीला निघाल्या होत्या, आणि खरे सांगतो, रात्रभर झोप लागली नाही. मार्चच्या मध्याला ब्रिक्स ११ च्या पुढे गेला तेव्हाच तोडा केला. त्याच गाळ्यावर गेलो. त्याच व्यापाऱ्याने फळ कापले, फोड माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “पाटील, पुढची गाडी कधी?” भाव पहिल्या दिवसाइतका चढा नव्हता, पण कापलेले फळ पाहून माल बाजूला काढला नाही, आणि पट्टी समाधानाची आली.

परतताना नेरुळला थांबलो. नातवाने एक फोड खाल्ली, दुसरी घेतली, तिसरी शर्टावर सांडली. त्याने काही विचारले नाही.

ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असे आपले वाडवडील सांगत. बाजार गोड लागला म्हणून फळ कोवळे तोडू नये, एवढीच त्यात भर घालतो. सभासदांनी याचा विचार करावा.